कात्री मागच्या रस्त्याने जाते

आमच्या कारखान्यात दवाखान्यांचे आणि हॉटेलांचे गणवेश शिवतात. कापायच्या टेबलावर एकच बाई होती, बाकी सगळे पुरुष. कापडाचे थर हातभर उंच रचायचे आणि त्यातून पात्याचं मशीन फिरवायचं. रेघ जरा हुकली की अख्खा थर वाया. हे काम बाईला झेपत नाही असं त्या टेबलावरच्या पुरुषांचं ठाम मत होतं आणि ती त्यांच्या नाकावर टिच्चून रोज ते काम करायची. तिला सगळे कात्री म्हणायचे. कामामुळे थोडं, तोंडामुळे जास्त.

मी तिच्या मागे काज-बटणाच्या मशीनवर बसते. आमचं फार सख्य होतं असं कुणी समजू नये. जेवणाच्या सुट्टीत ती शेजारी येऊन बसली की माझा घास अडायचा. दुसऱ्याच्या डब्यात डोकावून, न चाखता, "मीठ कमी पडलंय" असं सांगणारी बाई होती ती. आणि मीठ खरंच कमी असायचं, हा आणखी त्रास.

तिचा नवरा एका गोदामात वजनकाट्यावर होता. मितभाषी, मान खाली घालून चालणारा. त्याचं गोदाम आमच्या कारखान्याच्या पुढेच, म्हणून तो तिला रोज स्कूटरवरून दारात सोडायचा. लग्न झाल्यापासूनचा हा क्रम. तिची मुलगी लग्न होऊन दूर गेली, घरात सासू आणि ही दोघं उरली, तरी स्कूटरवर मागे बसून ती त्याला "डावीकडून घे, ब्रेक लाव, आंधळा आहेस का" असं ऐकवत यायची आणि तो ऐकत यायचा. आम्हाला वाटायचं, हा माणूस बहिरा तरी आहे किंवा संत.

मग तो अपघात झाला.

तिच्या मोठ्या दिराचं हमरस्त्यावर टायरचं दुकान आहे. दुकानाची व्हॅन आहे. एका सुट्टीच्या दिवशी तो दीर, तिची सासू, मोठी जाऊ आणि ही, अशी चौघं कुणा नातेवाइकाला दवाखान्यात बघून परत येत होती. नवरा बरोबर नव्हता, त्याला कामावर बोलावलं होतं. दीर गाडी चालवत होता. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फोन. कुणाला तरी टायरचा भाव सांगत होता. व्हॅन हळूहळू डावीकडे सरकत गेली. कात्री मागून ओरडली, "भाऊजी, समोर बघा!" त्यानं समोर बघितलं तेव्हा सायकलवरचा माणूस आधीच हवेत होता.

तो माणूस नळ दुरुस्त करणारा होता. त्याची हत्यारांची पिशवी रस्त्याच्या कडेला फुटली आणि पाने, टोट्या, रबरी चकत्या सगळीकडे पसरल्या. त्याचं कंबरेचं हाड मोडलं. दिरानं त्याला दवाखान्यात पोचवलं. नंतर पोलीस यायच्या आत त्यानं तिघींना एका कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं, "तो एकदम मध्ये आला. तिघींनी हेच सांगायचं. बाकी मी बघतो."

सासूनं तेच सांगितलं. जावेनं तेच सांगितलं. कात्रीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "हे फोनवर बोलत होते. तो बिचारा सरळ त्याच्या कडेनं चालला होता."

लिहून घेणाऱ्या हवालदारानं पेन थांबवलं. दारात दीर उभा होता, त्याच्याकडे बघून म्हणाला, "बाई, घरातलं प्रकरण आहे. नीट आठवून सांगा."

"नीटच आठवतंय," ती म्हणाली. "तुम्ही लिहा."

घरी आल्यावर सासूनं जो तोंडाचा पट्टा सोडला तो बरेच दिवस चालू राहिला. घरात साप पाळला, खाल्ल्या ताटात थुंकली, सख्ख्या दिराला गजाआड घालायला निघाली. मुलीचा फोन आला. आई कशी आहेस वगैरे काही नाही, "आई, तुला गप्प बसता आलं नसतं का गं? काकांनी माझ्या लग्नात काय काय केलं, विसरलीस?" कात्रीनं फोन कट केला.

नवरा मात्र एक अक्षर बोलला नाही. बाप लहानपणी गेलेला, मोठ्या भावानं त्याला वाढवलं, नोकरीला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आंघोळ केली, खाली जाऊन स्कूटर पुसली, सुरू केली. कात्री डबा घेऊन खाली आली तोवर स्कूटर कोपऱ्यावरून वळलेली होती.

त्या दिवशी ती बसनं आली. दोन बस बदलून. उशीर झाला म्हणून सुपरवायझरनं सगळ्यांसमोर तिची हजेरी घेतली आणि टेबलावरचे पुरुष खाली मान घालून हसले. पुढच्या दिवशीही तेच. मग तिनं मुलीची जुनी सायकल बाहेर काढली. ती जिन्याखाली पडलेली होती आणि शेजारीण तिच्यावर पुसणी वाळत घालायची. पुसणी काढून खाली टाकली म्हणून शेजारणीशी भांडण झालं. म्हणजे रस्त्यावर पाय ठेवायच्या आधीच एक आघाडी उघडली.

तिनं सायकल चालवली होती ती परकर नेसायच्या वयात. आता गुडघे कुरकुरत होते आणि वजन वाढलेलं. पण तोल गेलेला नव्हता, असं ती सांगायची. हमरस्त्यावर पहिल्याच दिवशी एका गाडीचा आरसा तिच्या कोपराला लागला आणि गाडीवाल्यानं काच खाली करून शिवी दिली, आरसा वाकडा झाला म्हणून. बस मागून इतकी जवळ यायची की इंजिनाची धग पाठीला लागायची. एका मोटारसायकलवाल्या पोरानं पुढे जाताना ओरडून सांगितलं, "आजी, घरी बसा की!" हिनं त्याला त्याच्या आईवरून काय ऐकवलं ते मी इथे सांगणार नाही.

रस्ता सगळ्यांशीच वाईट वागतो. तिच्याशी तो जरा जास्तच वाईट वागायचा, कारण वाटेत टायरचं दुकान होतं.

दीर स्वतः काही करायचा नाही. खुर्ची टाकून बसायचा आणि बघायचा. त्याचे कामगार हवेचा पाइप घेऊन कडेला उभे राहायचे आणि ती जवळ आली की फुस्स करून धूळ उडवायचे. एकदा दीर म्हणाला, "किती दिवस दम धरशील? जबाब बदल, उद्यापासून गाडी पाठवतो तुला घ्यायला."

"तुमची गाडी चालवणार कोण, तुम्हीच का?" तिनं न थांबता विचारलं. "मग नको."

त्यानंतर दोन-तीन दिवसांत ते झालं. ती दुकानासमोर आली आणि एका कामगारानं टायर सोडला. उभा, घरंगळत, मुलं खेळतात तसा. टायर तिच्या पुढच्या चाकावर आला. ती उजवीकडे पडली, म्हणजे रस्त्याच्या मध्यावर. मागून येणाऱ्या बसच्या ब्रेकचा आवाज पार चौकापर्यंत गेला. बस थांबली तेव्हा तिची वेणी चाकाखाली गेली होती. डोकं नव्हतं गेलं, वेणी गेली होती. ती सोडवायला ड्रायव्हरला बस मागे घ्यावी लागली.

तिला कुणी उचललं नाही. ड्रायव्हर वरून शिव्या घालत होता, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, टायर सोडणारा पांढराफटक पडून दुकानात पळाला होता. दीर खुर्चीतून उठून पायरीपर्यंत आला आणि म्हणाला, "बघ. म्हणून सांगत होतो, सायकलचं वय नाही तुझं."

ती उठली. वाकडं झालेलं हँडल दोन्ही गुडघ्यांत धरून सरळ केलं आणि सायकल ढकलत कामावर आली. उजवं मनगट सुजून पावासारखं झालं होतं. त्या दिवशी पातं तिच्या हाती द्यायला कुणी तयार नव्हतं. मी बर्फ आणून दिला तर मला म्हणाली, "रुमालात गुंडाळून आणायचा असतो, अक्कल नाही का?" मी रुमालात गुंडाळून दिला.

संध्याकाळी नवऱ्यानं मनगटावरची पट्टी बघितली. अपघातानंतर तो पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"कुठे पडलीस?"

"तुझ्या दादाच्या दुकानासमोर."

त्यानं स्कूटरची किल्ली खिळ्याला अडकवली. मग म्हणाला, "तो रस्ता सोड तू."

"मी सोडू? रस्ता मी सोडायचा?"

तो जेवायला बसला नाही. त्याचं ताट तिनं झाकून ठेवलं, की त्याच्यासमोर आपटलं, याबद्दल तिनं आम्हाला दोन वेळा दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या.

पण ती मूर्ख नव्हती. बसचं चाक वेणीवर आल्यावर हट्ट कुठवर ताणायचा हे तिला कळलं होतं. तिला दुसरा रस्ता हवा होता. तिनं टेबलावरच्या पुरुषांना विचारलं, त्यांनी सांगितलं, "बसनं ये." चौकातल्या वाहतूक पोलिसाला विचारलं, तो म्हणाला, "सायकलसाठी वेगळा रस्ता? तुमच्यासाठी विमान मागवतो." तेव्हा तिच्या डोक्यात आलं की या शहरात रोज सायकलवर फिरणारा एक माणूस आपल्याला ठाऊक आहे. फक्त त्याची कंबर आपल्या दिरानं मोडली आहे.

कारखाना लवकर सुटला त्या दिवशी ती नळवाल्याच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोनं उघडलं. कात्रीनं कोण ते सांगितल्यावर बायको दारातच आडवी उभी राहिली.

"त्या गाडीत होता ना तुम्ही? आता काय राहिलंय बघायचं?"

"बघायला नाही आले. रस्ता विचारायला आलेय."

बाईला वाटलं ही चेष्टा करतेय. आतून आवाज आला, "येऊ दे तिला. मलाही बघायचीय."

खोलीत एक पलंग, एक टेबल आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत नळाचं सामान होतं. नळवाला उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली. कात्री म्हणाली की मी खरं सांगितलं आहे, कोर्टातही तेच सांगणार आहे.

"मग काय, पाया पडू तुमच्या?" तो म्हणाला. "खरं होतं ते सांगितलंत. त्यात उपकार कसला?"

"उपकार म्हणाले का मी?"

"तोंडावर दिसतोय तुमच्या."

ती उठून जाणारच होती. मग म्हणाली, "हमरस्त्यावर मला मारायला बसलेत. मागून कुठून जाता येतं ते सांगा, मी जाते."

तो हसला. हसताना कंबरेत कळ आली म्हणून त्यानं शिवी दिली. मग म्हणाला, "मी त्या दिवशी हमरस्त्यावर का होतो ठाऊक आहे? इतकी वर्षं मी मागूनच जायचो. नाल्याच्या कडेनं बर्फाच्या कारखान्यापर्यंत, तिथून गल्लीनं बंगल्यांच्या वसाहतीत, वसाहत ओलांडली की रेल्वेखालचा बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की तुमचा कारखाना दिसतो. एक ट्रक आडवा येत नाही त्या वाटेला. पण वसाहतीतल्या लोकांनी दोन्ही टोकांना गेट बसवलं. बाहेरच्या सायकली बंद. घरातला नळ गळायला लागला की मीच आत चालतो, पण नळ नीट झाला की मी बाहेरचा. म्हणून त्या दिवशी हमरस्त्यानं गेलो."

"मग गेट बंद आहे तर मला कशाला सांगताय?"

"विचारलंत म्हणून सांगितलं! आणि नीट ऐका, मी दोनदा बोलणार नाही. नाल्याच्या कडेनं जाताना डाव्या अंगाला राहू नका, माती भुसभुशीत आहे. बर्फाच्या कारखान्याबाहेर पाणी साचतं, तिथे ब्रेक मारायचा नाही. बोगद्यात दिवा नाही, आत शिरताना घंटी वाजवत जायचं, नाहीतर समोरून येणारा अंगावर येतो. आणि सायकलला आरसा लावा. मागून कोण येतंय ते आधी कळलं असतं तर मी इथे पडलो नसतो."

त्याची बायको चहा घेऊन आली होती. एकच कप, नवऱ्यासाठी. कात्री उठली आणि आली तशी गेली.

दुसऱ्या दिवशी ती त्या वाटेनं निघाली. नळवाल्यानं सांगितलं ते अर्धं बरोबर निघालं. नाल्याची कड ठीक होती, पण बर्फाच्या कारखान्यामागची गल्ली पाइप टाकायला खणून ठेवली होती. म्हणजे तो अंथरुणात असताना त्याची वाटही बदलली होती. तिला मंडईच्या मागून वळसा घालावा लागला, तिथे हातगाड्यांच्या गर्दीत कुणीतरी तिच्या पायावर चाक घातलं. वसाहतीच्या गेटवर पोचली तेव्हा ती आधीच भांडायच्या तयारीत होती.

गेटला एक छोटं दार होतं, घरकामाच्या बायकांसाठी. त्या एकेक करून आत जात होत्या. कात्री सायकलवरून उतरली आणि रांगेत उभी राहिली.

वॉचमन म्हणाला, "सायकल आत नाही."

"मी सायकलवर बसलेय का? मी चालतेय. सायकल माझ्याबरोबर चालतेय."

"कुणाकडे जायचंय?"

"पलीकडे."

"पलीकडे म्हणून इथे कुणी राहत नाही."

हे सगळं मला ठाऊक आहे, कारण त्या रांगेत मागे मी होते. मी बसमधून तिथे उतरायचे आणि चालत वसाहतीतून जायचे. वॉचमननं कधी हटकलं तर "कामाला" म्हणायचे, ते खोटंही नव्हतं. मी कात्रीला खूण केली की बाई, सायकल ठेव बाहेर, गप चालत चल. ती मागे वळून मला म्हणाली, "तू चोरासारखी जातेस म्हणून मीही जाऊ?"

तेवढ्यात वसाहतीचा सेक्रेटरी आला. सकाळी कुत्रा फिरवायला निघालेला, अंगात पांढरा टी-शर्ट. त्यानं आधी वॉचमनला झापलं, मग आम्हाला. गेटबाहेरचे लोक आत आले की चोऱ्या होतात, पोरांना धोका असतो, शिस्त राहत नाही. कात्री म्हणाली, "माझ्या सायकलनं तुमच्या पोरांना धोका, आणि या गाड्यांनी?" आणि खरंच, गेटमागे तोवर गाड्यांची रांग लागली होती, कामावर निघालेल्या. मोठं गेट उघडायला हवं होतं आणि त्याच्या बरोबर मध्ये ही सायकल आडवी धरून उभी होती.

"बाजूला व्हा," सेक्रेटरी म्हणाला.

"गेटच्या बाहेर उभी आहे मी. हा रस्ता तर तुमचा नाही ना?"

गाड्यांनी हॉर्न सुरू केले. पुढच्या गाडीतला माणूस काच खाली करून ओरडला, "ओ बाई, रस्ता तुमच्या बापाचा आहे का?"

"तुमच्या बापाचा असेल तर सांगा, भाडं भरते!"

त्या दिवशी ती आत जाऊ शकली नाही. वॉचमननं सायकलचं मागचं चाक धरून तिला बाजूला ओढलं, ती हमरस्त्यानं गेली आणि उशिरा पोचली. पण दुसऱ्या दिवशी, गाड्या बाहेर पडायच्या वेळेला, ती पुन्हा गेटसमोर उभी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पोलिसांना बोलवू म्हणाले, ती म्हणाली बोलवा, मला तिथला रस्ता ठाऊक आहे. सेक्रेटरीचा कुत्रा तिच्यावर भुंकायचा आणि ती कुत्र्यावर ओरडायची. आत जाणाऱ्या बायका आधी तिच्यावर चिडल्या, कारण तिच्या पायी त्यांनाही उशीर होत होता. मग त्यातली एक, तोंडानं तिच्याहून वरचढ अशी, सेक्रेटरीला म्हणाली, "साहेब, तुमच्या घरची भांडी दुपारपर्यंत तशीच राहतील बरं का, आम्ही इथेच अडकलोय."

शेवटी दार उघडलं ते वॉचमननं. दया येऊन नाही. आत सेक्रेटरी शिव्या घालतो, बाहेर ही, मागून गाडीवाले. त्या माणसाला सकाळ नकोशी झाली होती. एक दिवस ती आली तेव्हा छोटं दार उघडं होतं आणि तो खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"जा," तो भिंतीला म्हणाला. "मी काही बघितलं नाही. आत सायकलवर बसायचं नाही, हातात धरून न्यायची."

ती आत गेली आणि पहिल्या वळणावर सायकलवर बसली.

सेक्रेटरीनं नंतर फलक लावला, वॉचमन बदलला, पण नव्या वॉचमनलाही सकाळी गाड्या बाहेर काढायच्याच असायच्या. छोटं दार उघडंच राहिलं, पलीकडच्या टोकाचंही. फलक अजून आहे. त्यावर सायकलचं चित्र आणि लाल फुली आहे, आणि त्याच्या खालून आम्ही जातो.

आम्ही म्हणते, कारण बस बदलून बदलून मीही कंटाळले होते. मी भावाची सायकल मागून घेतली आणि एक दिवस तिच्यामागे निघाले. वाटभर ती मला ओरडत होती. मध्ये चाल, कडेला चिकटू नकोस, कडेला चिकटलीस की ते तुला ढकलून पुढे जातात. हॉर्न वाजवला की दचकू नकोस, तो त्याचा घसा आहे, त्याला दुखू दे. मी एकदा म्हटलं, "जरा प्रेमानं सांग की." ती म्हणाली, "प्रेमानं सांगितलेलं लक्षात राहतं का कुणाच्या?"

कोर्टात तिनं तेच सांगितलं जे आधी सांगितलं होतं. दिराच्या वकिलानं विचारलं, घरात वाद होता का, दिरावर राग होता का, नजर कमजोर आहे का. नजरेचं विचारल्यावर ती म्हणाली, "रोज कापडावरची खडूची रेघ दिसते मला. तो फोन तर माझ्या नाकासमोर होता." दिराला शिक्षा झाली. तुरुंगात गेला नाही, पण गाडी चालवायचा परवाना गेला आणि नळवाल्याला भरपाई द्यावी लागली. सासू मोठ्या मुलाकडे राहायला गेली ती परत आली नाही. मोठी जाऊ रस्त्यात दिसली तर पदर तोंडावर घेऊन पलीकडे जाते. मुलगी फोन करते, बापाशी बोलते आणि ठेवून देते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली तर नवरा स्कूटर सुरू करून उभा होता. मागची सीट पुसलेली. तो पुढे बघत म्हणाला, "चल. सोडतो."

"सोडलंस की एकदा," ती म्हणाली. "आता पुन्हा कशाला?"

त्याचा चेहरा कसा झाला हे तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढं कळलं की तो स्कूटर बंद करून तसाच उभा राहिला आणि ती जिन्याखालून सायकल काढून निघाली. ती नाल्याच्या कडेला लागली तेव्हा आरशात तिला स्कूटर दिसली. हो, आरसा तिनं लावला होता. स्कूटर बरंच मागे, सायकलच्या वेगानं येत होती. मंडईच्या वळणापर्यंत आली. तिथून पुढे स्कूटरला वाट नव्हती.

ती थांबली नाही. संध्याकाळी तो तिला म्हणाला, "मंडईच्या मागे तो खड्डा आहे, तिथे उजवीकडून घेत जा."

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

एका घरात राहतात, एका टेबलावर जेवतात. तो पूर्वीपेक्षा जरा जास्त बोलतो आणि ती त्याला पूर्वीइतकंच तोडून बोलते. तो भावाकडे जातो, ती जात नाही. हे असंच राहणार, असं मला वाटतं, आणि तिला विचारलं तर ती म्हणेल, तुझं तू बघ.

परवा आमच्यात एक नवी मुलगी आली, शिलाई मशीनवर. तिला कुणीतरी सांगितलं असावं की मागून एक वाट आहे. सुट्टी झाल्यावर ती सायकल घेऊन कारखान्याच्या गेटपाशी आमची वाट बघत होती. नवी कोरी सायकल, पुढे टोपली, कानात गाण्याच्या वायरी.

कात्रीनं जवळ जाऊन तिच्या दोन्ही कानांतल्या वायरी उपटून तिच्या टोपलीत टाकल्या.

"माझ्या मागे राहायचं," ती म्हणाली. "आणि मेलीस तर मला दोष द्यायचा नाही."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी सायकलवर बसले. बोगद्याच्या तोंडाशी आलो तेव्हा पुढून घंटी वाजायला लागली, मग माझी, आणि मागून तिसरी, जरा घाबरत घाबरत.